पॉलिश वल्ली हाय

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की नांदगाव पेठ येतं. टोलनाका, एमआयडीसीतल्या कापडाच्या मिला आणि १३५० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, ही गावाची बाहेरच्यांसाठी ओळख. गावातल्या बायकांना विचाराल तर त्या या सगळ्याच्या आधी आमच्या गल्लीतल्या वहिनींचं घर दाखवतील.

वहिनींचं पार्लर नाही. पार्लरवाली पैसे घेते आणि काम करून देते. वहिनी फुकट शिकवतात आणि काम जिचं तिलाच करायला लावतात. शिकवणाऱ्याला लागतो तो खणखणीत आवाज त्यांच्याकडे आहे, आणि समोर बसलेल्याला काहीच येत नाही यावर गाढ विश्वासही आहे.

रविवारी दुपारची जेवणं उरकली की ओसरीवर सतरंजी पडते. मधोमध गंजात कोमट पाणी, त्यात शांपूची अर्धी पुडी. बाजूला नेलकटर, फायलर, खोबरेल तेलाची वाटी आणि मिठाईच्या रिकाम्या डब्यात नेलपॉलिशच्या बाटल्या. नवखी पोरगी आली की बसल्या बसल्या आधी पाण्यात हात घालते. वहिनी तिला तिथंच पकडतात.

"अवं थांब! वल्ली नखं घासत असते का कोनी?"

मग व्याख्यान. नख पाणी पितं, फुगतं, मऊ पडतं. तशा नखावर फायलर चालवला की त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून आधी जुनी पॉलिश काढायची, कोरडं नख कापायचं, एका दिशेनं घासायचं आणि त्यानंतर पाण्यात बोटं बुडवायची, तीही दोन-चार मिनिटं. फायलर पुढंमागं रेटणारीला त्या शांतपणे विचारतात, "निंबाचं खोड कापून रायली काय वं?" पोरगी जन्मात पुन्हा तसं घासत नाही.

दुसरा कायदा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या किनारीचा. ती भिजली की हलकेच मागं सारायची, कापायची नाही. "थे दार हाय नखाचं. दार तोडल्यावर चोराले चिठ्ठी धाडा लागत नाई." जंतूंबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी आरोग्य खात्याच्या भिंतीवरही वाचलेलं नाही. दिवाळीच्या सुमारास वेचणी लागली की पऱ्हाटीच्या बोंडाची वाळकी टोकं लागून बायांच्या बोटांची हीच किनार फाटलेली असते. अशा बोटांसाठी वहिनी पॉलिशचा डबा उघडत नाहीत. वेचणीवरून आलेल्या प्रत्येकीच्या बोटांना तेल चोळायचं आणि रात्री झोपताना पुन्हा चोळायला बजावायचं, एवढाच धडा असतो.

किनार मागं सारायला पार्लरवाले ज्या काडीचा उपयोग करतात तिला ऑरेंज स्टिक म्हणतात, आणि पूर्वी ती संत्र्याच्याच लाकडाची करत, हे वहिनींना कळलं तो दिवस नांदगाव पेठच्या इतिहासात नोंदवण्यासारखा होता. लाकूड कठीण, छिलके निघत नाहीत, म्हणून संत्र्याचं. "म्हंजे वरूड-मोर्शीत बागाच्या बागा हायेत, अन् आपन काडी अमरावतीच्या जवाहर गेटातून विकत आनतो?" त्यांनी त्याच संध्याकाळी मोर्शीला भावाला फोन लावला. भावाला वाटलं, बहिणीला संत्री हवीत. तिला छाटणीतल्या फांद्या हव्यात हे पटायला त्याला दुसरा फोन लागला. मोळी आली. वहिनींच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, मिलमधली पाळी संपवून आल्यावर फांद्या तासून काचकागदानं गुळगुळीत केल्या. गल्लीत प्रत्येक घरी त्यातली एक काडी आहे. दोन घरांत तिनं मिक्सरच्या भांड्याची खाच साफ करतात, पण वहिनींना ते कोणी सांगितलेलं नाही.

कापसाच्या बाबतीत मात्र स्वदेशी फसली. रिमूव्हरला औषधाच्या दुकानातला कापूस कशाला, घरात पोत्यानं पडलाय, असं म्हणून त्यांनी शेतातला काढला. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, ते धुऊन काढल्याशिवाय तो नीट शोषून घेत नाही. सरकीसकट तो नखांवर फिरला आणि पाच मुलींची पन्नास नखं लोकरीच्या कोकरांगत दिसू लागली. वहिनी डगमगल्या नाहीत. "शुद्ध होता म्हनून चिकटला," हा निकाल देऊन त्यांनी दुकानातला बंडल मागवला.

विधानसभेचं मतदान झालं, २० नोव्हेंबर २०२४ ला, त्यानंतरच्या रविवारी एक कॉलेजकन्या डाव्या तर्जनीवरची शाई काढून घ्यायला आली. तिनं घरी रिमूव्हरची अर्धी बाटली संपवली होती. म्हैसूरला बनणाऱ्या त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीत आणि नखात मुरतं, वरून पुसून जात नाही. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, त्यासोबत सरकत सरकतच डाग निघून जायचा. वहिनींनी बोट उजेडात धरलं. "याले हात लावाचा नाई. हे सरकारी काम हाय." आणि तिच्या उरलेल्या नऊ नखांना त्यांनी जांभळी पॉलिश लावून दिली. सगळ्या गल्लीत त्या पोरीनं दहा मतं दिल्याचा बोभाटा झाला.

शेवटी पॉलिश. आधी नख रिमूव्हरनं पुसून तेलाचा अंश घालवायचा, नाहीतर पॉलिश दोन दिवसांत सालपटासारखी निघते. खाली बेस कोट. मग कुंचल्याचा एक फराटा मधोमध, दोन कडांना, आणि टोकाच्या धारेवर हलकेच एक. थर पातळ हवा. जाड थराचं वरचं तेवढं सुकतं, आतला द्रव अडकून बसतो आणि रात्री चादरीची नक्षी नखावर उठते. दोन पातळ थर, वर टॉप कोट. गॅसच्या शेगडीजवळ हे काही करायचं नाही, पॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही भडकणारी.

या सगळ्याला घरातून विरोध होता तो एकट्या सासूबाईंचा. ओट्यावर बसून तूर निवडता निवडता त्या म्हणत, "कायची रसायनं लावून रायल्या काय मालूम! आमी काय कमी बाया होतो?" वहिनींनी यावर अभ्यास करून उत्तर आणलं. नखावर पॉलिशचा जो पडदा बसतो तो नायट्रोसेल्युलोजचा, आणि ते कापसाच्या नाहीतर लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून बनवतात. सरकीला चिकटून राहतात ते आखूड तंतूही त्याला चालतात. "पाहा आत्याबाई, आपल्याच वावरातली हाय थे." आत्याबाई म्हणाल्या, "मंग भाव काहून नाई भेटत?" वहिनींना शास्त्रात उत्तर सापडलं नाही. विदर्भात ते कोणालाच सापडलेलं नाही.

पण मॅनिक्युअरचं खरं मर्म या कृतीत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. आमच्या घरातूनही दर रविवारी कोणी ना कोणी जायचं, आणि परत आल्यावर नखं फारशी निराळी दिसत नसत. चेहरे मात्र दिसत. एकदा तेलाची बाटली पोचवायला गेलो तेव्हा ओसरीवरचा देखावा पाहिला. सात-आठ बाया भिंतीला टेकून, दोन्ही पंजे पसरून, काहीही न करता बसलेल्या. आतून भाऊंचा आवाज आला, "अवं, चहा मांडतं का?"

"पॉलिश वल्ली हाय!"

भाऊंनी चहा मांडला. आठ कप. थोड्या वेळानं गॅसवाला आला, भाऊ उठले. पोरगं डबा शोधत आलं, भाऊ उठले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भाऊ उठले. दर वेळी ओसरीवरून एकच वाक्य, आणि त्यावर वाद नाही. डोकं दुखतं म्हटलं तर गोळी देतात, दमले म्हटलं तर "आमी नाई दमत का" ऐकवतात. दहा बोटं उघडी पसरून बसलेल्या बाईला मात्र झाडू धर म्हणायची हिंमत अजून कोण्या घरात झालेली नाही, कारण पॉलिश खराब झाली तर पैशाचं नुकसान, आणि नुकसान वऱ्हाडी माणसाला लगेच कळतं.

वरवर हात लावायला पॉलिश दहा-पंधरा मिनिटांत सुकते. पक्की व्हायला तास-दोन तास लागतात. या दोन आकड्यांच्या मधली जागा वहिनींनी शोधून काढली आणि गल्लीभर वाटून टाकली. भाऊ दर दहा मिनिटांनी विचारतात, "वायली का?" वहिनी करंगळी डोळ्यांजवळ नेतात, फुंकर घालतात, मान हलवतात. "वरून वायली. आतून नाई."

परवाच्या रविवारी आत्याबाईंनी तुरीचं सूप बाजूला सारलं. सतरंजीवर येऊन बसल्या, आणि सत्तर वर्षं भाकऱ्या थापलेले दोन्ही हात सुनेपुढं केले.

"मलेबी लाव वं. अन् थे लवकर न वायनारी लाव."