जिवंत सुटलेल्याचं काय?

अमेरिकेत पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडचं नाव बारामतीतल्या कॉलेजच्या पोरांनाही माहीत आहे. पिन्या हरी काळे कोण, ते गावात कुणाला विचारून पाहा. हा फासेपारधी माणूस जून १९९८ मध्ये बारामतीच्या पोलीस कोठडीत मेला. चारच महिने आधी बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर असाच मेला होता. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या, म्हणजे एकेकाळी सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, हक्कांसाठी गट उभा केला. दोन माणसं मेली तेव्हा कुठे देशाने मान वळवली.

आज मला लिहायचंय ते जिवंत सुटलेल्यांवर.

कोठडीत माणूस दगावला की २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं. १९९३ पासूनचा आदेश आहे. तळपाय फोडून सोडलेल्या माणसाबद्दल कुणी कुणाला कळवायचं? चोरी कुणाच्याही वस्तीवर होवो, ‘संशयावरून’ गाडी पालावर येते. गडी सापडला नाही तर बायको, म्हातारा बाप, हाती लागेल तो. दोन दिवसांनी सोडलं तर अटकच दाखवलेली नसते. अटक नाही म्हणजे कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे मारलंच नाही.

हा वंशभेदच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींत जन्मलेलं पोर गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी येऊन बसले. ते रद्द करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये भारताला सांगितलं. तुरुंगाच्या नियमावल्यांतला जातिभेद आणि विमुक्तांवरचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने पुसायला लावला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. ठाण्यातल्या माणसाच्या डोक्यातली नियमावली कोण पुसणार?

आता कोर्टातला तो प्रसंग बघा. पहिल्या रिमांडला न्यायाधीश विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” आरोपी म्हणतो, “नाही साहेब.” मारणारा हातभर अंतरावर उभा असतो आणि पोलीस कोठडी मिळाली तर रात्री पुन्हा त्याच्याच ताब्यात जायचं असतं. ते ‘नाही’ कागदावर चढतं आणि पुढे आयुष्यभर आरोपीच्याच विरुद्ध वापरलं जातं. असं होऊ नये म्हणून डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली. २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, चित्रण जपून ठेवा म्हणून बजावलं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही नाही.

आणि बरं होणं? तळपायावर मार खाल्लेल्याला उसाच्या फडात उभं राहवत नाही. उभं राहवलं नाही की हजेरी बुडते. खाकी दिसली की पोरं बाजरीत पळतात. शाळेच्या गेटवर पोलीसमामा भाषणाला आले तरी पळतात. ही जखम कुठल्या दवाखान्यात दाखवायची? भरपाई हवी तर वकील करा, मुंबई गाठा. ज्याला जामिनाला जामीनदार मिळत नाही त्याला हे सांगायचं!

बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोठडीतून सुटलेल्यासाठी तिथे हाडांचा आणि मनाचा डॉक्टर एकाच दिवशी बसवता येईल. जखमांचा दाखला पोलिसाचं पत्र न मागता द्यावा. इंदापूर आणि बारामतीच्या कोर्टांत ‘तक्रार आहे का’ हा प्रश्न विचारण्याआधी पोलिसांना दाराबाहेर काढावं, मग आरोपीला पायातली चप्पल काढायला लावून तळवे बघावेत. याला नवा कायदा लागत नाही. पुढच्या रिमांडपासून सुरू करता येईल.