वहिनी, भाजणी आणि एक टिंब

धान्य कढईत किती परतायचं, हे ठाण्यातल्या या वहिनींना वासावरून कळतं. घड्याळ लागत नाही. वेबसाइटचं नाव ठरवताना मात्र नाकाचा काही उपयोग झाला नाही.

धंदा बारा वर्षांचा. चकलीची भाजणी, थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी आणि मेतकूट. पिशवीवर ठसठशीत अक्षरांत ‘वहिनींची भाजणी’. नाव दिरानं सुचवलेलं, त्यामुळे त्याला ते अगदी नैसर्गिक वाटतं. अडचण यजमानांची. फोन उचलून “वहिनींची भाजणी, बोला” असं स्वतःच्या बायकोबद्दल म्हणताना त्यांना अजूनही कसंतरी होतं.

‘डोमेन घ्या’ हे टुमणं इंजिनीअरिंगला असलेल्या पुतण्याचं. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा गाळा, असा अर्थ वहिनींनी काढला, आणि तो बराचसा बरोबर होता. फक्त हा गाळा कोणाच्याच मालकीचा होत नाही. भाडं भरत राहायचं, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं. पूर्वी तेही नव्हतं. १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स नावाच्या अमेरिकी संगणक कंपनीनं पहिलं ‘डॉट कॉम’ नोंदवलं, तेव्हा नाव फुकट मिळत असे. १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर लागू लागले. “आपण तेव्हाच घ्यायला हवं होतं,” यजमान म्हणाले. अंबरनाथच्या प्लॉटबद्दलही ते हेच म्हणतात.

टिंबाच्या आधी जास्तीत जास्त ६३ अक्षरं चालतात, हे कळताच त्यांनी कागद ओढला. ‘श्री गजानन प्रसन्न वहिनींची अस्सल घरगुती खमंग भाजणी’ हे इंग्रजी अक्षरांत सलग लिहून मोजलं, तर ५६ भरली. सात शिल्लक पाहून त्यांनी शेवटी ‘ठाणे’सुद्धा बसवलं. नियमात बसतंय म्हटल्यावर पुतण्याला बोलता येईना. हे टाइप कोण करणार, असा साधा प्रश्न शेवटी वहिनींनीच विचारला.

मग सुटसुटीत ‘वहिनी भाजणी’ ठरलं, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. रोमन लिपीत ळ नाही, ण नाही, आणि काना द्यायचा की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आपला काळा मसाला त्या लिपीत कला मसालाही होतो आणि कळा मसालाही. पुतण्यानं नाव टाइप केलं. नणंदेनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, “वाहिनी भजनी.”

घरात शांतता पसरली.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. वहिनी आणि वाहिनी, भाजणी आणि भजनी, दोन्ही जोड्यांची स्पेलिंगं सर्रास एकच. बारा वर्षांचा खमंग धंदा एका ओळीत भक्तिसंगीताचं चॅनेल झाला होता. नोंदणीच्या वेबसाइटलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं आपणहून ‘डॉट टीव्ही’ सुचवलं. टीव्ही ही खरं तर प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाची खूण. देशाच्या नावातली दोन अक्षरं नेमकी टीव्हीची निघाली आणि त्या भाड्यातून तुवालूला इतके पैसे मिळाले, की २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सभासद होण्याचा खर्चही त्यातून निघाला. ठाण्यात मात्र ही खूण भजनाच्या बाजूनं साक्ष देत होती.

डोमेनमध्ये मोकळी जागा सोडता येत नाही, सगळं सलग. ‘एक्स्पर्ट्स एक्स्चेंज’ नावाच्या वेबसाइटनं आपलं नाव असं सलग लिहिलं, आणि लोकांना ते ‘एक्स्पर्ट सेक्स चेंज’ असं दिसू लागलं. त्यांनी मग मधे आडवी रेघ घातली. वहिनींनीही रेघ घालून पाहिली. फोनवर एका गिऱ्हाइकाला पत्ता सांगितला, तर पलीकडून प्रश्न आला, “वहिनी मायनस भाजणी? मग उरलं काय?”

सरळ मराठीतच का नको? २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ मिळतं. इथे ण शाबूत, काना जागेवर. पण वहिनीतला हि ऱ्हस्व की दीर्घ, यावर दीर आणि नणंद अर्धा तास भांडले. ‘वहिनींची’वरचा अनुस्वार लोक देतील का, ही शंका वेगळीच. दोन टिंबांपैकी एक विसरलं की गिऱ्हाईक रस्त्यात हरवणार! शिवाय यंत्राला आतून देवनागरी कळत नाहीच. ‘भारत’ हा शब्दही ते ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि पुढे ‘एचटूबीआरजेनाइनसी’ असा लिहून घेतं. मेतकुटाची यादी डॉक्टरांच्या अक्षरात लिहावी, तसं.

अखेर ‘डॉट इन’ही घेतलं आणि ‘डॉट भारत’ही. पहिल्या वर्षाचं भाडं पाहून वहिनी खूश झाल्या, दुसऱ्या वर्षापासूनचा आकडा बारीक अक्षरांत होता. नोंदणी होते न होते तोच “मॅडम, वेबसाइट बनवून देऊ का?” असे फोन सुरू झाले. सगळ्यांना वहिनींनी भाजणीचे दर सांगितले. दोघांनी घेतली.

भाडं भरण्याची तारीख यजमानांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनानं गोल करून ठेवली आहे. हसण्यावारी नेऊ नये. डिसेंबर १९९९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्ट आपल्या ‘पासपोर्ट’ या डोमेनचं भाडं भरायला विसरली आणि हॉटमेल उघडेना. एका परक्या प्रोग्रॅमरनं पदरचे ३५ डॉलर भरून ते सोडवलं. त्यांच्याकडे कालनिर्णय नसावं.

आषाढीच्या आठ दिवस आधी डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या महिला मंडळाला वाहिनीवर अभंग म्हणायचे होते. वहिनींनी शांतपणे सांगितलं, की हे भजन नव्हे, भाजणी.

पलीकडे क्षणभर कुजबुज झाली.

“उपवासाची आहे का?”

“आहे.”

“मग सात किलो द्या, आम्ही एकवीस जणी आहोत. पण त्यात धने नाहीत ना? आमच्यात काहींना चालत नाहीत.”