नाव नको, पाटे बघा

पिकअप घ्यायची म्हटली की निफाडपासून दिंडोरीपर्यंत पहिला प्रश्न ठरलेला: ‘विकताना काय येईल?’ गाडी अजून शोरूममध्ये उभी आहे, पहिला हप्ताही गेलेला नाही, आणि हिशेब चाललाय पाच वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाचा.

विचारू नये असं नाही. पिकअप हेच ज्याचं भांडवल, त्याने ते विचारायलाच हवं. पण रिसेलचा भाव मॉडेलला असतो आणि भरवसा त्या एका गाडीचा असतो. दोन्ही एकच समजलं की पैसे बुडतात.

नव्या गाडीत दोन्ही बऱ्यापैकी जुळतं. बोलेरो पिकअपला आपल्याकडे जुन्या बाजारात मान आहे, आणि तो फुकटचा नाही. महिंद्राचा कारखाना सातपूरलाच, इंजिन गावोगावच्या मेस्त्रीला पाठ, पार्ट तालुक्याच्या दुकानात. २००५ साली आलेल्या टाटा एसचंही तसंच. ‘छोटा हत्ती’ म्हटलं की शाळकरी पोरगंही बोट दाखवतं. म्हणून टाटा योद्धा किंवा अशोक लेलँडची दोस्त घेऊच नये का? तिचा जाणकार मेस्त्री आणि पार्ट जवळपास मिळत असतील, तर जरूर घ्या. खरेदीत आज वाचलेले पैसे हातात असतात. पाच वर्षांनी मिळणारे अजून कुणी मोजलेले नाहीत.

ते किती बेभरवशाचे, हे २२ सप्टेंबर २०२५ ला दिसलं. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. करासह दहा लाखांची नवी गाडी त्या हिशेबाने साधारण ७८ हजारांनी उतरते. नवी उतरली की जुनीला कोण जुना भाव देणार? ज्याने वर्षानुवर्षं गाडी जपली, त्याचा रिसेलचा आकडा दिल्लीतल्या एका निर्णयाने खाली आला. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. त्यात पासिंगचाही नियम धरा: मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, पुढे दरवर्षी करावा लागतो. घेणारा हे जाणून असतो आणि तेवढे पैसे तोडून मागतो.

खरी फसगत जुनी गाडी घेणाऱ्याची होते. पहिल्या मालकाला रिसेल म्हणजे कमाई. दुसऱ्याला तीच रिसेल म्हणजे जादा मोजलेली रक्कम. नावाला मान आहे म्हणून थकलेली गाडीही चांगल्या गाडीच्या भावात विकली जाते. मॉडेल दणकट असेल, पण ही गाडी काय काय ओढून आलीय?

हिशेब सोपा आहे. १.७ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये टोमॅटोचे २० किलोचे ८५ क्रेट बसतात, तेही रिकाम्या क्रेटचं वजन सोडून. कांदा धरला तर १७ क्विंटल. आता हंगामात पिंपळगावच्या किंवा लासलगावच्या बाजार समितीच्या दारात उभे राहा आणि आत शिरणाऱ्या पिकअपची मागची चाकं बघा. पंचवीस क्विंटल भरलेली गाडी तिथे कुणाच्या डोळ्यांत येत नाही. अशी तीन-चार वर्षं काढलेली गाडी मीटरवर किती किलोमीटर दाखवते, याला काडीची किंमत नाही.

म्हणून गाडीखाली आडवे व्हा. मागच्या कमानीचे पाटे मोजा. बाकीचे पाटे एकसारखे गंजलेले आणि मधेच एखादा वेगळ्या जाडीचा, वेगळ्या रंगाचा दिसला, तर तो मागून चढवलेला आहे. ‘मजबुतीसाठी टाकलाय’ असं सांगतील. पाटा वाढवल्याने चासी वाढत नाही, ॲक्सल वाढत नाही, ब्रेक तर मुळीच वाढत नाहीत. मग चासीवर हात फिरवा. वेल्डिंगचा टाका आणि त्यावर ताजा काळा रंग लागला, तर तिथूनच परत फिरा. हौद्याचा तळ आणि फाळक्याच्या बिजागऱ्या बघा. सडक्या कांद्याचं पाणी पत्रा कसा खातं ते तिथे कळतं. मालकाकडे भुईकाट्याच्या पावत्या मागा. गाडीचा नंबर आणि भरलेलं वजन दोन्ही त्यावर असतं. सर्व्हिसबुक तुम्हाला तेल कधी बदललं ते सांगेल. गाडीचे हाल काय झाले ते पावती सांगते.

चाचणी रिकाम्या गाडीची घेऊ नका. माल भरा आणि चांदवडचा राहुड घाट चढवा. क्लच घसरतो का, तापमानाचा काटा चढतो का, धूर कसा निघतो, सगळं तिथे उघडं पडतं. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल, तर धुराच्या जाळीची आणि सेन्सरची तपासणी स्कॅनर असलेल्याकडूनच करून घ्या. नुसती गावातल्या गावात फिरलेल्या गाडीची ती जाळी तुंबते, आणि ते काम हातोडी-पान्याचं नाही.

कागदांत ढिलाई तर अजिबात नको. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आरसीवर हवी. ‘नोटरी करून देतो, नाव नंतर चढवू’ हा व्यवहार दोघांनाही खड्ड्यात घालतो. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईला तोच जबाबदार. मग गाडी पुढे कितीही हात बदलून गेलेली असो. गाडी विकून पैसे खर्चून झाले आणि दोन वर्षांनी दारात नोटीस आली, तर त्या रिसेलचा काय उपयोग?

भरवशाची किंमत हंगामात कळते. कांदा एक दिवस थांबेल, फार तर दुसऱ्या दिवशीच्या लिलावाचा भाव पदरात पडेल. पिकलेला टोमॅटो थांबत नाही. वाशीला निघालेली द्राक्षं कसाऱ्यात अडकली तर रात्रीतून दुसरी गाडी, दुसरं भाडं, हमाली, आणि वर व्यापाऱ्याचा तुटलेला विश्वास. अशा एका रात्रीत रिसेलचे वाचवलेले पैसे सहज जातात.

आणि हे फक्त एकट्याच्या फायद्याचं नाही. आज पासिंगच्या आत भरणाऱ्याला आणि दीडपट भरणाऱ्याला विकताना जवळपास सारखाच भाव मिळतो, कारण घेणारा मॉडेल बघतो आणि वर्ष बघतो. मग गाडी जपायची कुणी आणि कशासाठी? ब्रेक न लागलेली पिकअप रस्त्यावर कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. घेणाऱ्यांनी पाटे आणि पावत्या बघून भाव द्यायला सुरुवात केली, तर जास्त भरणं महाग पडेल आणि जपणाऱ्याला त्याचं दाम मिळेल. मॉडेलचं नाव कंपनीने कमावलंय. तुमच्यासमोर उभी असलेली गाडी तिच्या मालकाने कशी राखली ते तपासा, आणि पैसे त्याचेच द्या.