उजेडाचे पक्ष

दिव्याच्या बाबतीत प्रत्येक घरात दोन पक्ष असतात. पांढऱ्यांचे म्हणणे सरळ: तांदळातला खडा दिसला पाहिजे. पिवळ्यांना खडा नाही दिसला तरी चालतो, 'मूड' दिसला पाहिजे. एके काळी चाळीस वॅटचा पिवळा बल्ब म्हणजे ओढगस्त आणि ट्यूबलाइट म्हणजे बढती. आता तोच पिवळेपणा इंटिरियरवाला फॉल्स सीलिंगमध्ये दडवतो आणि भरमसाट पैसे घेऊन परत विकतो. २०१५मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेने एलईडी स्वस्त केले. रंगावरून भांडायचे काम जनतेकडेच राहिले.

खोक्यावर केल्विन छापलेले असतात. २७०० म्हणजे पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आकडा चढेल तसा उजेड 'थंड' होतो, हे भौतिकशास्त्र सासूबाईंना समजावण्याच्या फंदात पडू नये. त्या एवढेच विचारतील, "बिल कशाने कमी येतं?" (वॅट सारखे तर बिलही जवळपास सारखेच.)

मग दुकानदार ४०००चा मधला मार्ग सुचवतो. तो दिवा लागला की दोन्ही पक्षांत लगेच एकमत होते: डोळ्यांना त्रास होतोय. तिन्ही रंगांचा रिमोटवाला दिवाही मिळतो म्हणा. त्यात फक्त भांडण रंगावरून रिमोटवर येते.