अकरा महिन्यांचे काका

डोंबिवली पूर्वेच्या जुन्या तीन मजली सोसायट्यांत, जिथे लिफ्ट नाही आणि वॉचमन रात्रीपुरताच, तिथे एक तरी असे काका असतातच. आमच्याकडेही आहेत. जिन्याखालच्या पाटीवर सगळ्यांची नावं आहेत, काकांचं नाही. पण गच्चीच्या टाकीचा कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे विचारायला पाटीवरचे सगळे त्यांच्याकडेच जातात.

काका भाडेकरू, त्यामुळे त्यांचं वर्ष अकरा महिन्यांचं. वर्षाहून मोठा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, हा १९०८ सालच्या नोंदणी कायद्याचा नियम. म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती बुजवली, आता लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवायचाच. तरी एजंट सवयीने अकराच लिहितो. "मग बारावा महिना जातो कुठे हो?" असं मी एकदा विचारलं. "एजंटच्या खिशात," काका म्हणाले. "एक महिन्याचं भाडं म्हणजे त्याची दलाली."

काकांबरोबर घर बघायला जाणं हे एक शिक्षण आहे. मुळात ते घर बघतात जुलैत. "मे महिन्यात सगळीच घरं गुणी असतात." एजंट हौसेने हॉल दाखवतो, बाल्कनीतला वारा दाखवतो. काका तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. सरळ आत जाऊन बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर तळहात टेकवतात आणि डोळे मिटतात. मग छताकडे बघत म्हणतात, "तेवढ्याच तुकड्याला नवा रंग का हो?" एजंटला एकदम फोन येतो. काका तोवर माळ्यात डोकावतात, मोरीच्या जाळीवर तांब्याभर पाणी ओततात आणि शेवटी भिंतींवरचे खिळे मोजतात.

कारण खिळा हा काकांच्या संसाराचा कणा. भिंतीला नवा खिळा ठोकायचा नाही, ही प्रत्येक मालकाची पहिली अट. त्यामुळे आधीच्या बिऱ्हाडाने जिथे खिळा ठोकला असेल तिथेच काकांचा संसार लटकतो. सध्याच्या घरात घड्याळ संडासाच्या दारावर आहे आणि कॅलेंडर फ्रिजच्या मागे. संकष्टी कधी आहे हे बघायला काकूंना स्टुलावर चढावं लागतं. देवांना मात्र काका कुठल्याच मालकावर सोडत नाहीत. त्यांचा देव्हारा पायांचा आहे.

घर सोडायला लावण्याची कारणंही त्यांना पाठ आहेत. मुलाचं लग्न ठरलंय, मुलगी अमेरिकेहून कायमची येतेय, सासूबाईंचे गुडघे जिने चढत नाहीत म्हणून पहिला मजला हवाय. "शुभेच्छा कळवा," असं म्हणून काका खोके काढतात. मुलाचं लग्न होत नाही, मुलगी येत नाही. दोन हजार जास्त देणारं बिऱ्हाड मात्र हमखास येतं. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापून घेतले जातात आणि रंग त्या तेवढ्याच तुकड्याला लागतो.

करारागणिक पोलिसांकडे माहिती जाते, फोटो जातो. चारित्र्याची इतकी तपासणी आमच्यातल्या एकाही मालकाची झालेली नाही. तरी सभेत त्यांना मत नाही. ते मागच्या खुर्चीवर नुसते ऐकत बसतात. गच्चीच्या गळतीचा खर्च वरच्यांनी द्यायचा की सगळ्यांनी, यावर आम्ही हमरीतुमरीवर येतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रसन्नता असते. गळतं ते त्यांच्याच हॉलमध्ये, पण डोकेदुखी मालकाची. काका फक्त बादली सरकवतात. एकदा सेक्रेटरींनी भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं बिनभोगवटा शुल्क दुप्पट करायचा ठराव मांडला. मागून आवाज आला, "१ ऑगस्ट २००१चा शासन निर्णय. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही." पैसे भरायचे होते मालकाला, पण कागद काकांच्या पिशवीत होता, लॅमिनेट केलेला.

पुढे बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. मालकांना मोठा फ्लॅट, कॉर्पस आणि काम संपेपर्यंत बिल्डरकडून दरमहा भाडं. काकांना महिन्याची नोटीस. पेढे वाटून झाल्यावर आमच्या लक्षात आलं, की आता सगळ्यांनाच भाड्याने घर शोधायचं आहे. संध्याकाळी काकांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. भिंत कशी चाचपायची, डिपॉझिट किती द्यायचं, रंगाचं कलम करारातून कसं काढून घ्यायचं, याचे वर्ग सुरू झाले.

सेक्रेटरी सगळ्यात उशिरा आले, लालबुंद होऊन. "काका, तो मालक म्हणतो, भाडेकरूंना पार्किंग नाही! आम्ही काय माणसं नाही?"

"आपल्या जिन्यात तीच नोटीस आहे," काका म्हणाले. "खाली सही तुमची आहे."

सेक्रेटरी थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "काका, तुम्हाला कसं जमतं हो हे सगळं?"

"पहिली चार घरं जड जातात," काकांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. "पाचव्यापासून मालकांचीच दया यायला लागते."