स्वतः राहत असल्याचा पुरावा

पुण्यात घरपट्टीत 40 टक्के सवलत हवी असेल, तर आपल्या घरात आपणच राहतो हे सिद्ध करावं लागतं. 2023 साली मी ते सिद्ध केलं. पीटी-3 नावाचा अर्ज, 25 रुपये शुल्क, सोसायटीचं पत्र आणि गॅसचं कार्ड. कार्ड निघालं बायकोच्या नावावर, त्यामुळे दोन दिवस कागदोपत्री ती घरात राहत होती आणि मी तिच्याकडे चहाला येत होतो.

ही सवलत 1970 पासूनची. लेखापरीक्षकांनी बोट ठेवलं, मग राज्य सरकारने ती रद्द केली आणि 2023 मध्ये परत दिली. त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला पुण्यातल्याच कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल सत्ताधाऱ्यांच्या विरोधात लागला होता. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे लोक खवचट असतात. मी त्यांच्यातलाच.

उद्योगांचं असं नसतं. त्यांच्यासाठी 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मूळ हेतू चांगला: सगळे कारखाने मुंबई-ठाणे-पुण्यातच दाटीवाटीने बसू नयेत, जरा लांब जावेत. म्हणून तालुक्यांचे गट पाडले. 'अ' म्हणजे हुशार, 'ड अधिक' म्हणजे मागे पडलेला. जितका कच्चा, तितकी शिष्यवृत्ती मोठी. पुणे 'अ' गटातलं, म्हणजे पाठीवर थाप आणि खिसा रिकामा. मात्र प्रकल्प अवाढव्य असला की मंत्रिमंडळाची उपसमिती बसते आणि खास पॅकेज शिजतं: जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याचा परतावा, मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ. आपण राहतोय की नाही हे कुणी गॅसच्या कार्डावरून तपासत नाही. उलट, शेजारच्या राज्यात जाऊ शकतो एवढं नुसतं सूचित केलं तरी पुरतं.

तळेगावला विचारा. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तिथे येणार, असं धरून आपण बसलो होतो. सप्टेंबर 2022 मध्ये करार झाला गुजरातशी. दीड लाख कोटींवरची गुंतवणूक गेली म्हणून इथे आंदोलनं, तिथे पेढे. पुढच्याच जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. म्हणजे लग्न मोडलं ते मांडव शेजाऱ्याच्या दारात घातल्यावर, आणि रुसून बसलो होतो आपण.

तेव्हापासून आपण आधीच सावध राहतो. जानेवारी 2025 मध्ये दावोसला जाऊन महाराष्ट्राने 15 लाख कोटींवरचे सामंजस्य करार केले. पहिला करार कल्याणी समूहाशी, गडचिरोलीतल्या प्रकल्पासाठी. कल्याणी समूह पुण्यातल्या मुंढव्याचा. मुंबईत मुख्यमंत्री, मुंढव्यात उद्योगपती आणि सह्या स्वित्झर्लंडच्या बर्फात! द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात ट्रक उलटून तासन्‌तास अडकायची भीती असेल, तर दावोसच जवळ पडतं म्हणा.

चाकणला तळेगाव चौकात रोज संध्याकाळी कंटेनरमागे कंटेनर उभे राहतात. कर माफ झालेला माल आणि कर भरलेला माल तिथे अगदी समान हक्काने खोळंबतो. रस्ता रुंद करायला पैसे लागतात. ते कुठून यायचे, हा प्रश्न परताव्याच्या फाइलला कुणी विचारत नाही.

तर मीही प्रस्ताव तयार केला. विद्यमान गुंतवणूक: दोन बेडरूम. विस्तार: बाल्कनीला काच लावून अभ्यासिका. रोजगारनिर्मिती: पोळ्यांच्या मावशी, गाडी पुसणारा मुलगा आणि हंगामी तत्त्वावर प्लंबर. मागण्या माफक: मेन्टेनन्सच्या जीएसटीचा परतावा आणि दहा वर्षं घरपट्टी माफ. अन्यथा बडोद्याला धाकट्या मेव्हण्याचं घर आहेच. तिकडून आकर्षक बोलणी चालू आहेत, असंही खाली लिहिलं.

कागद सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "बडोद्याला कधी निघताय? बाल्कनीच्या काचेला परवानगी घेतलेली दिसत नाही. आणि जाण्याआधी मार्चपर्यंतचा मेन्टेनन्स तेवढा भरून जा."