पुण्य, जेवणखाण धरून

पूर्वी पुण्य कमवायचं तर चारधामला जावं लागे. थंडी, खेचर, गुडघेदुखी आणि परत आल्यावर गावजेवणाचा खर्च. आता सोयीचा मार्ग निघाला आहे. दक्षिण आफ्रिकेत उतरायचं, खाकी अर्धी चड्डी चढवायची आणि दोन आठवडे सिंहाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजायचं. याला वन्यजीव संवर्धनातली स्वयंसेवा म्हणतात. स्वयंसेवेचे पैसे मिळत नाहीत एवढं आपल्याला ठाऊक होतं; ते आपणच भरायचे असतात, ही सुधारणा नवी. भरलेल्या रकमेत खोली, तीन वेळचं जेवण, विमानतळावरून ने-आण आणि सिंहजातीचा उद्धार हे सगळं धरलेलं असतं. प्रवास विमा तेवढा वेगळा.

यात मुख्य गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेतलं. पण परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘आपण जगासाठी काय केलंत’ असा रकाना आला की आपल्याकडच्या पालकांचंही लक्ष आफ्रिकेकडे जातं. सोसायटीत दोन वर्षं ओला-सुका कचरा वेगळा करून दिला, एवढ्यावर तो रकाना भरत नाही. मांडीवर बछडा हवा.

बछडा अनाथ आहे, असं पहिल्याच दिवशी सांगतात. आईने टाकला. आलेली मंडळी हळहळतात आणि बाटली हातात घेतात. त्यांच्या आधी आलेल्यांनाही अनाथच मिळाले होते, नंतर येणाऱ्यांनाही मिळणार असतात. सिंहिणींच्या जातीतच मायेचा असा दुष्काळ का पडावा, हे विचारायचं दोन आठवड्यांच्या गडबडीत राहून जातं. उत्तर अवघड नाही. रानातली सिंहीण पिल्लं वाढवते तेव्हा पुढच्या वेतापर्यंत साधारण दोन वर्षं जातात. पिल्लं नाहीशी झाली की मात्र ती लवकरच पुन्हा माजावर येते आणि साडेतीन-पावणेचार महिन्यांत विते. म्हणून पिंजऱ्यातल्या सिंहिणीची पिल्लं काही दिवसांची असतानाच उचलतात. मागणी येईल तसा अनाथांचा पुरवठा होतो. सुट्ट्यांच्या हंगामात टंचाई पडल्याचं ऐकिवात नाही.

पुढे या बछड्याची नोकरी सुरू होते. पहिले काही महिने बाटली, कुरवाळणं आणि फोटो. दात शिवशिवू लागले की बढती मिळून तो ‘सिंहासोबत पायी फेरी’ या खात्यात जातो. तिथे दुसरे पाहुणे दुसरे पैसे भरतात. दीड-दोन वर्षांचा झाला की त्याचा लाडका पंजा कुणाचा तरी खांदा उतरवील अशी भीती वाटू लागते आणि मग बदली होते. कुठे, ते निरोपसमारंभात सांगत नाहीत. ‘मोठ्या राखीव क्षेत्रात गेला’ म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. क्षेत्राला कुंपण असतं आणि आत बंदूक घेऊन पाहुणा येतो. गाडीचा आवाज आला की दूध येतं, हे या सिंहाला लहानपणापासून पाठ. तो पळत नाही. उलट दोन पावलं पुढे येतो.

कातडं आणि मुंडकं शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात जातं. हाडं उरतात. तीही फुकट जात नाहीत. वाघाचं हाड महाग आणि बेकायदा, म्हणून सिंहाचं हाड आग्नेय आशियात जाऊन तिथल्या औषधी दारूत बुडतं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २०१७ साली वर्षाला ८०० सांगाडे बाहेर पाठवायची परवानगी दिली, पुढच्या वर्षी तो आकडा जवळजवळ दुप्पट करायला निघालं. २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने हे कोटे बेकायदा ठरवले, कारण कोटा ठरवताना पिंजऱ्यातल्या सिंहांच्या हालांचा विचार कुणी केलाच नव्हता. तोवर एकाच जनावराची चार बिलं फाडून झाली होती: दूध पाजणारा, फेरी मारणारा, गोळी घालणारा, हाडं नेणारा. गर खाऊन, आठळ्या उकडून, चारखंड गाईला घालणाऱ्या कोकणातल्या आजीनेही फणसाचा एवढा हिशोब केला नसेल. यातला फक्त पहिला माणूस घरी जाऊन ‘आयुष्य बदललं’ असं लिहितो. बाकीचे तिघे निदान आपण काय विकत घेतलं ते जाणून असतात.

हे गुपितही नाही. ‘ब्लड लायन्स’ नावाच्या माहितीपटाने २०१५ सालीच ही साखळी कॅमेऱ्यावर आणली. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने पाळीव सिंहांचा धंदा बंद करायचं जाहीर केलं. मग समिती, मग समितीचा अहवाल, मग मालकांनी स्वेच्छेने धंदा कसा सोडावा याच्या सूचना. हा भाग मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आजही तीनशेहून जास्त ठिकाणी मिळून सुमारे आठ हजार सिंह कुंपणात आहेत. त्या देशात रानात असलेले सिंह याच्या निम्मेही नाहीत. बाटलीवर वाढलेल्यांतले रानात किती सोडले, हे विचारू नये. माणसाला न भिणारा सिंह सोडायचा कुठे?

थायलंडमध्ये हेच काम भगव्या वस्त्रात चाले. कांचनाबुरीच्या मठात भिक्षू आणि वाघ एकत्र नांदतात म्हणून जगभरातून माणसं येत. काही वाघांसोबत फोटो काढत, काही सेवेला राहत. २०१६ मध्ये अधिकाऱ्यांनी तिथून १३७ वाघ हलवले तेव्हा फ्रीझरमध्ये ४० मेलेले बछडेही सापडले.

या सगळ्यावरून मी एक ढोबळ नियम बांधला आहे. सुट्टीत जनावर जितकं जवळ, संवर्धन तितकं लांब. चाचणी सोपी आहे. पत्रकावरच्या फोटोत माणूस आणि जनावर एकाच चौकटीत असतील तर पत्रक मिटवावं. फोटोत नुसती लेंडी असेल तर चौकशी करायला हरकत नाही.

कारण खरं काम फार रटाळ असतं. नामिबियात ओचिवारोंगोजवळ १९९० पासून चित्त्यांसाठी झटणारं एक केंद्र आहे. आपल्या कुनोत २०२२ च्या सप्टेंबरात उतरलेले आठ चित्ते त्याच देशातले. त्या केंद्राचं मोठं हत्यार म्हणजे कुत्रा. तुर्कस्तानी जातीची दांडगी कुत्री १९९४ पासून ते शेतकऱ्यांना देतात. पिल्लू शेळ्यांतच वाढतं, शेळ्यांनाच नातेवाईक समजतं, चित्ता आला की भुंकून हाकलतं. शेळी वाचली की शेतकरी बंदूक काढत नाही. म्हणजे जगातलं सर्वांत वेगवान जनावर वाचवायला निघालेल्या माणसाने गोठा झाडायचा आणि कुत्र्याचं भांडं घासायचं. एवढ्यासाठी कोण विमानाचं तिकीट काढतं? आमच्या घरीही भांडी आहेत.

लडाखात तर आणखी निराशा. तिथे हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या वाड्यात उतरायचा, बिथरलेल्या कळपात दिसेल ते मारायचा आणि बाहेर पडता येईना म्हणून सकाळी गावकऱ्यांच्या दगडांनी मरायचा. उपाय म्हणून वाड्याला वरून तारेची जाळी बसवली आणि घरोघरी पाहुणे उतरवून गावाला चार पैसे मिळवून दिले. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या मोजणीत देशात ७१८ हिमबिबटे निघाले, त्यातले ४७७ लडाखात. त्यांतला एकही जाळी बांधणाऱ्याचे आभार मानायला येत नाही. दहा दिवस खडकाकडे बघून माणूस परत येतो तेव्हा फोनमध्ये डोंगर, डोंगर, याक आणि विष्ठेचा एक अस्पष्ट फोटो असतो. हा अर्जाला कुठे लावणार?

आपल्याकडे मात्र मध्यम मार्ग आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाट-ताडोब्यासारख्या जंगलांत पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसायला मिळतं. पूर्वी याला गणना म्हणत. एकच वाघ दोन पाणवठ्यांवर प्यायला तर त्याची लोकसंख्या दोन होई. ट्रॅप कॅमेरे आल्यावर वनखात्याने आपल्याला मोजणीच्या जबाबदारीतून हळूच सोडवलं आणि कार्यक्रमाचं नाव ‘निसर्गानुभव’ ठेवलं. अनुभव चुकत नसतो, हा त्यातला फायदा. कागद-पेन्सिल तरीही हाती असते, नाहीतर सेवा केल्यासारखं वाटत नाही. अत्तर लावू नका, पांढरे कपडे नकोत, बोलू नका, या सूचना पाळून माणसं रात्रभर चकलीचं पाकीट आवाज न करता फोडण्याचा प्रयत्न करतात. सकाळी कागदावर रानडुकरं, मोर, पुन्हा रानडुकरं, आणि वाघाच्या रकान्यात ‘आवाज ऐकल्यासारखा वाटला’. मला हा कार्यक्रम आवडतो. यात वाघाला काही त्रास होत नाही.

माझ्या नियमाला अपवाद आहे, पण त्या अपवादाला सुट्टी नसते. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातल्या कोलारा भागात वाघगणनेच्या तयारीसाठी एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांसोबत पायी निघाली होती. पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली. ती उठेना म्हणून या मंडळींनी वाट सोडून वळसा घेतला. वाघिणीने मागून येऊन तिला उचललं. आकडे असे गोळा होतात. पुढे तेच दिल्लीत जाहीर होतात, टाळ्या पडतात, आणि वाघ वाढले म्हणून सहलींचे दरही वाढतात.

२०२५ च्या १० मे रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही भागात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मेल्या. दोन दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती.

तेव्हा सहल कंपन्यांसाठी एक योजना सुचवतो. नाव ‘तेंदू हॉलिडे’. पहाटे चारला उठणं. जिप्सी नाही, गाइड नाही, मचाण नाही. जंगलात वाकून पान खुडायचं. वाकलेला माणूस वाघाला चार पायांचा दिसतो, त्यामुळे दर्शनाची शक्यता सफारीपेक्षा जास्त. दुपारी घरी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. पैसे भरायचे नाहीत, शेकड्याच्या दराने मिळतात. विमाही काढायला नको, जीव गेल्यास सरकार वारसांना २५ लाख देतं. हंगाम एप्रिल-मे, शाळांच्या सुट्टीत बरोबर बसतो. प्रमाणपत्र मिळत नाही, पण अर्जातला तो रकाना एकदम भरून निघेल. वाघ दिसला नाही अशी तक्रार मात्र कृपया फळीवर कुणाकडे करू नये. तुम्हाला चहा पाजतील आणि तुमच्या आईचं अभिनंदन करतील.

जागा भरपूर आहेत. चौकशीचा फोन अजून आलेला नाही.